धाप लागणाऱ्या माणसाचा कॅमेरा

तुम्ही उत्तनचे असाल, तर तुमच्या घरात असं एक कपाट असणारच, जे फक्त पावसाळा संपल्यावर उघडलं जातं. खालच्या कप्प्यात आजोबांचे बोटीवरच्या नोकरीतले कागद, लग्नाचा अल्बम आणि कातडी केसमध्ये गुंडाळलेला एक जड कॅमेरा. यॅशिका इलेक्ट्रो ३५ असेल, कॅननेट असेल, नाहीतर सोव्हिएत फेड. केस उघडली की आधी बुरशीचा वास येतो. मागचं दार उघडलं की डांबरासारखं काहीतरी चिकट बोटाला लागतं. तळाचं गोल झाकण नाण्यानं फिरवलं तर आत हिरवट मीठ साचलेला चपटा सेल. यानंतर बहुतेक घरांत एकच गोष्ट होते. कॅमेरा मेला असं जाहीर होतं आणि तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत परत कपाटात जातो.

जरा थांबा. त्या कॅमेऱ्यात खरंच काय बिघडलंय ते आपण बघूच. पण त्याआधी तो ज्याच्यामुळे तुमच्या हातात मावतो त्या माणसाची ओळख करून घ्या. म्हणजे स्क्रू ड्रायव्हर उचलायची हिंमत येईल.

त्याचं नाव ऑस्कर बर्नाक. जन्म १ नोव्हेंबर १८७९, जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्ग प्रांतातल्या लिनो नावाच्या खेड्यात. पुढं घर बर्लिनजवळ आलं. पोराला व्हायचं होतं निसर्गचित्रकार. घरच्यांचं म्हणणं, आधी पोटापाण्याचं काहीतरी शिक. हा संवाद तुमच्याकडे दहावीच्या निकालानंतर झाला असेल, तर तो सव्वाशे वर्षांपूर्वीही असाच व्हायचा हे लक्षात घ्या. ऑस्करला खगोलशास्त्राची उपकरणं बनवणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारीला लावलं. तिथं तो पितळ कापायला, दाते पाडायला, स्क्रू बसवायला शिकला. केसाच्या जाडीचा फरक हाताला कळला पाहिजे, असं ते काम. उमेदवारी संपल्यावर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तो गावोगावच्या कारखान्यांत काम करत फिरला आणि १९०२ मध्ये येना शहरात कार्ल झाइस कंपनीत लागला. भिंगांच्या दुनियेतलं हे त्या वेळचं सर्वांत मोठं नाव.

नोकरी चांगली होती. तब्येत चांगली नव्हती. बर्नाकला दमा होता. आणि त्याचा आवडता उद्योग काय, तर सुट्टीच्या दिवशी थुरिंगियाच्या जंगलात चढउतार करत फोटो काढत फिरणं. आता त्या काळचा कॅमेरा डोळ्यांसमोर आणा. १३ बाय १८ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा, त्यांच्या दुहेरी चौकटी, लाकडी पेटी, तिकाटणं. हे सगळं फिरत्या विक्रेत्याच्या बॅगेएवढ्या मोठ्या थैलीत कोंबून खांद्यावर घ्यायचं आणि टेकडी चढायची. ज्याला रिकाम्या हातानं जिना चढतानाही धाप लागते, त्यानं.

कॅमेऱ्याचा सारा पुढचा इतिहास या धापेतून निघाला, असं मला वाटतं. त्याच्याच हातची चांगली तब्येत असलेली माणसं तेच ओझं वाहत होती, कुरकुरत होती आणि पुढं जात होती. बर्नाकला कुरकुरून भागणार नव्हतं. त्यानं आधी येनामध्येच एक खटपट केली. एकाच मोठ्या प्लेटवर पंधरा-वीस छोटे फोटो घ्यायचे आणि नंतर ते मोठे करायचे. कल्पना सरळ होती, निकाल वाईट लागला. प्लेटवरचे रसायनाचे कण इतके जाड होते की मोठा केलेला फोटो वाळूत काढल्यासारखा दिसायचा. कल्पना त्यानं बाजूला ठेवली. सोडली मात्र नाही.

१९११ च्या सुरुवातीला तो वेट्झलर या लहान गावातल्या लाइट्स कंपनीत गेला. झाइसमधला त्याचा जुना सहकारी एमिल मेशाऊ तिथं आधीच पोहोचला होता आणि त्यानंच बर्नाकचं नाव पुढं केलं. सतत आजारी पडणारा माणूस आहे हे ठाऊक असूनही लाइट्सनं त्याला घेतलं आणि प्रयोगशाळेचं काम सोपवलं. कंपनीचा धंदा सूक्ष्मदर्शकांचा. कॅमेऱ्याशी तिचा फारसा संबंध नव्हता.

इथं बर्नाकच्या हाताशी एक नवीन वस्तू आली. सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म. दोन्ही कडांना भोकं असलेली, लांबलचक, हलकी, आणि प्लेटच्या मानानं पुष्कळ बारीक कणांची. त्यानं आधी धातूचा एक सिनेमा कॅमेरा बनवला. मग त्याच्या डोक्यात ती येनामधली कल्पना परत आली. सिनेमात फिल्म वरून खाली सरकते आणि एक चौकट १८ बाय २४ मिलिमीटरची असते. बर्नाकनं फिल्म आडवी केली आणि दोन चौकटी जोडून एक केली, २४ बाय ३६. आज महागड्या डिजिटल कॅमेऱ्याच्या जाहिरातीत तुम्ही फुल फ्रेम वाचता ना, ते हेच माप.

१९१३-१४ च्या सुमाराला त्याच्या खिशात मावेल असा धातूचा डबा तयार झाला. फिल्म पुढं सरकवण्याची चकती फिरवली की त्याच हालचालीत शटरही ताणलं जायचं. त्यामुळे एकाच जागी दोन फोटो पडण्याची भीती गेली. पण एक मोठी खोट राहिली. शटर परत ताणताना त्याच्या पडद्यांमधली फट उघडीच राहायची आणि उजेड आत शिरायचा. उपाय काय केला? लेन्सला टोपी. फोटो काढला की टोपी लावायची, चकती फिरवायची, टोपी काढायची, पुढचा फोटो. जगातला पहिला लायका उजेडाला गळका होता आणि त्याच्या निर्मात्यानं त्यावर बाटलीच्या बुचासारखा इलाज करून काम चालू ठेवलं होतं. तुमच्या आजोबांच्या कॅमेऱ्याच्या गळक्या दाराला नावं ठेवण्याआधी हे आठवा.

त्या डब्यातून त्यानं काय टिपलं? वेट्झलरचा बाजारचौक. आपली मुलं. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्धाची सैन्यभरती जाहीर झाली, तेव्हा भिंतीवर नुकताच तो कागद चिकटवून वळलेला सैनिक आणि भोवतीची माणसं. १९२० मध्ये नदीला पूर आला तेव्हा पाण्यात उभे असलेले रस्ते. तिकाटणं रोवून, काळं फडकं डोक्यावर घेऊन असे फोटो मिळत नाहीत. कुणाला थांबायला न सांगता काढलेले फोटो आहेत ते. बातमीचा फोटो ज्याला आपण आज म्हणतो, त्याची चाहूल या हौशी मिस्त्रीच्या पुराच्या फोटोंत दिसते.

याच वर्षांत आपल्याकडे कोल्हापुरात काय चाललं होतं बघा. बाबूराव मिस्त्री आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव, दोघेही पेंटर म्हणून ओळखले जाणारे, सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातानं बनवायच्या मागे लागले होते. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन १९१८ मध्ये तो कॅमेरा पुरा केला आणि त्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचे चित्रपट निघाले. वेट्झलर आणि कोल्हापूर यांना एकमेकांचं नावही माहीत नसेल. पण एकीकडे चित्रकार व्हायला निघालेला मिस्त्री आणि दुसरीकडे मिस्त्री घराण्यातला चित्रकार, दोघं एकाच रुंदीच्या फिल्मच्या भोकांत दाते अडकवत बसले होते. बर्नाक १६ जानेवारी १९३६ ला गेला. बाबूराव गेले १९५४ मध्ये, तेही १६ जानेवारीलाच. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. मला आवडला म्हणून सांगितला.

महायुद्धानं बर्नाकचा कॅमेरा दहा वर्षं मागं ढकलला. युद्ध संपलं तर महागाई आली. १९२३ मध्ये जर्मनीत पावाच्या लादीला टोपलीभर नोटा लागत होत्या. अशा वेळी कंपनीनं चाचणीसाठी साधारण पंचवीस कॅमेरे बनवून जाणकारांना वापरायला दिले. मतं फाटली. एवढ्याशा निगेटिव्हवरून कुणी गंभीर फोटोग्राफी करतं का, हा आक्षेप होता आणि तो वेडगळ नव्हता. मोठा कॅमेरा म्हणजे मोठा फोटोग्राफर, असा तेव्हाचा समज. १९२४ मध्ये मालक धाकटा एर्न्स्ट लाइट्स यानं बैठकीत सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कॅमेरा बाजारात आणायचं ठरवलं. सूक्ष्मदर्शकाची मागणी घटली तर कामगारांना काम कुठून द्यायचं, हाही विचार त्यामागं होता. निर्णय चुकला असता तर गावच्या चुली थंड पडल्या असत्या.

छोटी निगेटिव्ह मोठी करायची तर लेन्स अतिशय धारदार हवी. ती माक्स बेरेक या तिथल्याच शास्त्रज्ञानं गणितं मांडून तयार केली. मार्च १९२५ मध्ये लाइपझिगच्या वसंत जत्रेत कॅमेरा लोकांसमोर आला. लाइट्सचा कॅमेरा म्हणून लायका. आता पडदे ताणताना मिटलेले राहत होते. टोपीची गरज संपली होती.

अजून एक अडचण होतीच. वस्तू किती लांब आहे हे अंदाजानं ठरवावं लागायचं, नाहीतर अंतर मोजणारं वेगळं उपकरण विकत घेऊन त्यावरचा आकडा लेन्सवर लावावा लागायचा. १९३२ च्या लायकात बर्नाकनं ते उपकरण कॅमेऱ्याच्या पोटात घातलं आणि लेन्सला जोडलं. रेंजफाइंडर म्हणजे हेच. कपाटातला कॅमेरा हातात असेल तर आत्ता करून बघा. समोर दोन खिडक्या दिसतील, मोठी आणि लहान. डोळा लावला की मधल्या फिकट ठिपक्यात समोरचा माणूस दुहेरी दिसतो, कारण दोन खिडक्या त्याला दोन कोनांतून बघतात, आपल्या दोन डोळ्यांसारख्या. लेन्सची कडी फिरवा. लेन्सच्या मागं टेकलेली एक दांडी सरकते, आतली काच किंचित वळते आणि दोन माणसं हळूहळू एकावर एक येतात. एक झाली की फोकस झाला. या सगळ्याला वीज लागत नाही.

बर्नाकच्या कॅमेऱ्याला सेल कुठंच नव्हता. फोमही नव्हता. त्याच्या लायकाला मागचं दारच नसायचं, फिल्म तळातून सरकवायची. रोल घालताना जीव मेटाकुटीला यायचा, पण दार नाही तर फट नाही आणि फट नाही तर उजेड नाही. म्हणून नव्वद वर्षांपूर्वीचा लायका तेल-पाणी केलं की आजही चालतो. तुमचा यॅशिका त्याच्यापेक्षा तीस-चाळीस वर्षांनी धाकटा असून आजारी पडलाय. रोल घालायला सोपं पडावं म्हणून पुढच्या कंपन्यांनी दार दिलं आणि दाराच्या खाचेत फोम भरला. उजेड आपोआप मोजावा म्हणून मीटर दिला आणि मीटरला सेल दिला. पितळ आणि काच टिकली. फोम आणि सेल गेले. आणि तेवढंच तर बदलायचं आहे.

आधी फोम. तो पॉलियुरेथेनचा असतो, दमट हवेत त्याचं विघटन होऊन त्याचा चिकट लगदा होतो. उत्तनसारखी हवा असेल तर लवकरच. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला लावा आणि टूथपिकनं खाचेतला लगदा उकरा. कॅमेरा उलटा धरा, कारण तो लगदा शटरच्या पात्यांवर पडला तर सोपं काम अवघड होईल. खाच कोरडी झाली की अरुंद भागात काळ्या लोकरीचा धागा दाबून बसवा. बिजागरीच्या बाजूला काळी मखमल किंवा फेल्टची पट्टी. जाड पट्टी लावू नका, दार नीट मिटत नाही. मी पहिल्यांदा तेच केलं आणि रोल मध्यावर असताना दार आपोआप उघडलं. रंगीत फोटोंवर कडेनं नारिंगी-लाल पट्टे आले, तर समजा अजून कुठंतरी उजेड झिरपतोय.

आता सेल. कॅननेटसारख्या कॅमेऱ्यांचा मीटर पाऱ्याच्या सेलवर बेतलेला. तो सेल दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निघाला. म्हणजे बर्नाकनं तो पाहिलाही नाही. त्याचं दाब १.३५ व्होल्ट, आणि संपेपर्यंत तो जवळपास तेवढाच राहायचा. आज तसाच दिसणारा अल्कलाइन सेल मिळतो, पण तो १.५ व्होल्टवर सुरू होतो आणि उतरत जातो. मीटरला वाटतं उजेड जास्त आहे आणि फोटो काळवंडतो. सोपा इलाज श्रवणयंत्राच्या दुकानात मिळतो. ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल, साधारण १.४ व्होल्टचा आणि दाब धरून ठेवणारा. तो जुन्या सेलपेक्षा लहान असतो, म्हणून भोवती रबरी रिंग घाला. पाठीवरची चिकटपट्टी काढली की तो हवेवर चालू होतो आणि वापरा अगर न वापरा, काही आठवड्यांत संपतो. दुसरा मार्ग, दाब थोडा उतरवणारा डायोड असलेली रिंग आणि तिच्यात सिल्व्हर ऑक्साइड सेल. यॅशिका इलेक्ट्रोचं सोपं आहे. तिला ५.६ व्होल्टचा सेल लागायचा, आज ६ व्होल्टचा घातला तरी तिचं सर्किट चालवून घेतं. सेलची जागा भरायला तेवढा आधार द्यावा लागतो. सेल नसेल तर तिचं शटर एकाच वेगावर, १/५०० सेकंदावर, अडकून पडतं. घरचे ज्याला मेला म्हणतात, तो कॅमेरा कित्येकदा एवढ्यानंच मेलेला असतो.

पाऱ्याचे सेल बंद का झाले, हे कोळीवाड्यात सांगायला हवं. जपानमध्ये मिनामाता नावाचं मासेमारीचं गाव आहे. तिथल्या रसायनाच्या कारखान्यानं पारा समुद्रात सोडला. तो माशांत गेला, माशांतून माणसांत. १९५६ मध्ये हा आजार अधिकृतपणे नोंदला गेला. माणसांचे हातपाय वाकडे झाले, आईच्या पोटातली बाळं सुटली नाहीत. तो पारा कॅमेऱ्यांचा नव्हता. पण त्यानंतर जगानं पाऱ्याकडे पाहण्याची नजर बदलली आणि १९९० च्या दशकात हे सेल एकेका देशात बंद होत गेले. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय कराराला नावच मिनामाताचं आहे. तेव्हा कॅमेऱ्यातून निघालेला तो हिरवा सेल खाडीत भिरकावू नका, कचऱ्यातही टाकू नका. बरणीत बंद करून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

बर्नाककडे परत येऊ. शेवटची वर्षं तो कॅमेऱ्यातल्या बारीकसारीक दुरुस्त्या करत राहिला. त्याच्या हयातीतच, १९३४ पासून, सोव्हिएत युनियनमध्ये लायकाची नक्कल फेड या नावानं निघू लागली. छप्पन्नाव्या वर्षी तो गेला तेव्हा स्पेनचं युद्ध सुरू व्हायला सहा महिने बाकी होते. छोट्या कॅमेऱ्यानं युद्ध कसं टिपलं जातं हे जगानं तिथं पाहिलं. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींना त्यांच्या शेवटच्या दिवशी भेटलेला फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ याच्या हातातही लायकाच होता. त्या रात्री आणि अंत्ययात्रेत दिल्लीच्या गर्दीत शिरून त्यानं जे फोटो काढले, ते लाकडी पेटी घेऊन निघाले नसते.

चाचणीच्या त्या पंचवीसेक कॅमेऱ्यांपैकी १०५ नंबरचा बर्नाक स्वतः वापरायचा. वर त्याचं नाव कोरलेलं आहे. २०२२ मध्ये तो लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. आता तो बहुधा काचेच्या पेटीत असेल, आणि त्याच्यातून कुणी फोटो काढत नसेल.

तुमचा काढू शकतो. बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांपासून सुरुवात करा, सकाळच्या उजेडात. काम झालं की कॅमेरा कातडी केसमध्ये ठेवू नका, कातडं ओल धरतं आणि लेन्सवर बुरशी येते. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि कॅमेरा फेड किंवा लायका असेल तर एक गोष्ट घोकून ठेवा. त्याचे पडदे कापडाचे आहेत. गळ्यात अडकवून किनाऱ्यावर बसलात आणि लेन्सचं तोंड मावळतीच्या सूर्याकडे राहिलं, तर भिंगातून पडद्याला भोक पडतं. टोपी लावा. बर्नाकही लावायचा.